कांचीपुरम : वेरूळच्या कैलासाशी नाते सांगणारी मंदिरनगरी

चेन्नई : अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका आणि द्वारावती या मोक्षदायिनी मानल्या गेलेल्या सात नगरांपैकी दक्षिण भारतातील एकमेव नगर म्हणजे कांची, अर्थात आजचे कांचीपुरम. चेन्नईपासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेली पल्लवांची ही राजधानी मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही.

येथील कैलासनाथ मंदिर पल्लव राजा दुसरा नरसिंहवर्मन ऊर्फ राजसिंह याने आठव्या शतकाच्या आरंभी वालुकाश्मात उभारले. गाभाऱ्याभोवतीच्या प्राकारात लहान देवकोष्ठांची रांग आहे. पुढे बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांची जिंकली; मात्र मंदिराची संपत्ती लुटून न नेता ती देवालाच परत केली. तसा कन्नड शिलालेख त्याने याच मंदिरात कोरविला. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकल येथे आजचे विरूपाक्ष मंदिर बांधले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील वेरूळच्या कैलास लेण्यावर या दोन्ही मंदिरांचा प्रभाव असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

एकांबरेश्वर मंदिरात पंचमहाभूतांपैकी पृथ्वीतत्त्वाचे लिंग पूजिले जाते. त्याचे उंच राजगोपुर विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय याच्या काळातील आहे. वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर पल्लव घराण्याचा इतिहास शिल्पांतून कोरलेला आहे. वरदराज पेरुमाळ मंदिराच्या पुष्करिणीत जतन केलेली औदुंबराच्या लाकडाची अत्ती वरदर मूर्ती ४० वर्षांतून एकदाच दर्शनासाठी बाहेर काढली जाते. यापूर्वी १९७९ व २०१९ मध्ये तिचे दर्शन घडले. पुढील योग २०५९ मध्ये येईल.

कामाक्षी मंदिराचा धागा तंजावरच्या मराठा राज्याशी जुळतो. अस्थिर काळात कांचीहून सुरक्षिततेसाठी हलविण्यात आलेली बंगारू कामाक्षीची सुवर्णमूर्ती अनेक ठिकाणी फिरून अठराव्या शतकात मराठा राजांच्या आश्रयाने तंजावरात स्थिरावली. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामा शास्त्री हे तिच्या पुजारी घराण्यातील होत.

चेन्नईहून बसने, तसेच चेंगलपट्टूमार्गे उपनगरी रेल्वेने कांचीपुरमला जाता येते. बहुतेक मंदिरे दुपारी बंद असतात. त्यामुळे पहाटे निघून सकाळी दोन-तीन आणि सायंकाळी उरलेली मंदिरे पाहणे सोयीचे ठरते. मधला वेळ भौगोलिक मानांकन लाभलेल्या रेशमी साड्यांचे विणकाम पाहण्यात घालविता येतो. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई असते.

कैलासनाथाचा वालुकाश्म झिजत चालला असून भित्तिचित्रांचे केवळ अवशेष उरले आहेत. म्हणूनच तेथील शिल्पांना व भिंतींना हात न लावणे ही प्रत्येक भाविकाची व पर्यटकाची जबाबदारी ठरते. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी एका विजेत्याने येथे दाखविलेला संयम आजच्या पाहुण्यांकडूनही अपेक्षित आहे.