चार डोळ्यांचं कुत्रं

आबा गेले त्याच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, थंडी अजून पडली नव्हती. सोप्यात आम्ही सगळे ओळीनं आडवे झालो होतो, कंदील बारीक केला होता. मोत्या उठला. आळस दिला नाही, अंग झाडलं नाही. सरळ मधल्या मेढीपाशी गेला आणि मान वर करून खुंटीकडं बघत बसला. त्याची शेपूट शेणानं सारवलेल्या जमिनीवर हळूहळू हलत होती, आबा शेतातून परतले की हलायची तशी. खुंटीला आबांचं घोंगडं होतं.

काका त्याला "हाड" म्हणणार एवढ्यात आज्जीनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येला दिसतंय. चार डोळ्यांचं हाय त्ये."

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पांघरुणाच्या फटीतून मी त्या खुंटीकडं कितीतरी वेळ बघत राहिलो. मला घोंगड्यापलीकडं काही दिसलं नाही. मोत्याच्या डोळ्यांवर मात्र माझा विश्वास होता. तो उगाच कुणापुढं शेपूट हलवणारा नव्हता.

मोत्या अंगानं काळाभोर, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर चिंचोक्याएवढे तांबूस-पिवळे ठिपके. झोपला तरी ते ठिपके उघडेच असायचे. आज्जी म्हणायची, खालच्या दोन डोळ्यांनी कुत्रं आपल्याला बघतं आणि वरच्या दोहोंनी गेलेल्यांना. गावात रात्री एखादं कुत्रं हेल काढून रडायला लागलं की लोक दगड भिरकावत, कुणाच्या दारात यम आलाय म्हणून धास्तावत. आमच्या घरात कुत्र्याच्या रडण्याला दगड मारायची बंदी होती. त्याला कारण होतं मोत्याच्या पणज्याचं, काळूचं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. धरण झालं आणि १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं. आज त्या पाण्याला शिवसागर म्हणतात. त्याखाली गावंच्या गावं गेली. माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत पांगली. देव टोपलीत घालून नेता आले, पण स्मशानं कुठं नेणार? पाणी वाढत गेलं तसे जमिनीला बारीक हादरे बसू लागले. आधी पोटातून गडगड आवाज यायचा, लांब सुरुंग उडवल्यागत, मग मांडणीवरची भांडी वाजायची. जाणती माणसं म्हणत, पाण्याखालच्या गावांतले पूर्वज अस्वस्थ झालेत, त्यांना जागा उरली नाही. १९६७च्या सप्टेंबरात एक मोठा धक्का बसला. तरी हळूहळू सवय झाली. लोक भांड्यांना हात लावून धरायचे आणि पुन्हा झोपायचे.

त्या वर्षीच्या ११ डिसेंबरची पहाट. आज्जी सांगायची, काळूनं आदल्या रात्री भाकरीला तोंड लावलं नाही. दारापासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. पहाटे त्यानं तिच्या अंगावरची वाकळ दातात धरून ओढली. गोठ्यात वाघरू शिरलं असणार, असं समजून तिनं धाकट्याला काखेत घेतलं, आबांना हाक मारली, आणि कंदील घेऊन बाहेर आली. थोरली आत्या रडत मागोमाग आली. मग जमीन उचलली गेली. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला आमच्या घराची मागची भिंत, जिच्या कडेला अंथरुणं होती, ती आत पडली. त्या भूकंपात खोऱ्यात सुमारे १८० माणसं गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही.

आज्जी शेवटपर्यंत म्हणायची, "पान्याखालची मानसं सांगाय आल्ती. आपल्याला कुटं ऐकू येतंय? काळूनं ऐकलं."

आत्या तेव्हा सात वर्षांची होती. तिला आठवतं ते वेगळं. ती म्हणते, काळू रात्रभर गप्प झोपला होता, पहाटेच एकदम उठला. मी दोघींचं ऐकत मोठा झालो आणि कुणाचं खरं हे ठरवायला गेलो नाही. कुत्री रोज रात्री रडतात, आणि ज्या रात्री भिंत पडते तीच रात्र लक्षात राहते, हेही मला पुढं कळलं. भूकंपाच्या दोन लाटा असतात. पहिली वेगानं येते, इतकी हलकी की माणसाला बहुधा जाणवत नाही. घरं पाडणारी लाट तिच्या मागून येते. केंद्राच्या इतक्या जवळ दोहोंत एक-दोन सेकंदांचंच अंतर. तेवढ्यात कुत्रं दचकून उठेल, पण वाकळ ओढून अख्खं घर बाहेर काढायला ते पुरायचं नाही. आज्जीच्या गोष्टीचा बराचसा भाग या हिशोबाबाहेर राहतो, आणि मी तो तसाच राहू दिला आहे.

पण तिचे ते 'चार डोळे' मला कॉलेजात गेल्यावर पुन्हा भेटले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर राखण करणारे दोन कुत्रे आहेत, सरमेचे पुत्र, आणि त्यांना 'चतुरक्ष' म्हटलं आहे. आमच्याकडं म्हाळाच्या दिवशी कावळ्याचं पान कौलावर, गाईचा घास गोठ्यात आणि कुत्र्याची खीर अंगणात ठेवली जायची, ती का, याचा धागा मला तिथं सापडला. मुंबईत एका पारशी मित्राकडून कळलं की त्यांच्यात कुणी गेलं की देहासमोर कुत्र्याला आणतात. या विधीला 'सगदीद' म्हणतात, म्हणजे कुत्र्याची नजर. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथात त्यासाठी चार डोळ्यांचा पिवळा कुत्रा सांगितला आहे. डोळ्यांवर ठिपके असतात, तोच चार डोळ्यांचा. देहात जीव थोडाही शिल्लक असेल तर कुत्र्याला तो कळतो, असंही त्याचं एक कारण जुनी माणसं देतात. वेद आणि अवेस्ता ही तर एकाच कुळातली. पण माझ्या आज्जीला अक्षरओळख नव्हती. तिच्यापर्यंत हे ठिपके कुणाकुणाच्या तोंडून, किती ओसऱ्यांवरून चालत आले असतील!

मग मी कुत्र्याच्या नाकाबद्दल वाचायला लागलो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० कोटींच्याही पुढं. माग काढणारं कुत्रं माणसाच्या पाचेक पावलांवरून सांगू शकतं की तो कोणत्या दिशेला गेला. दोन पावलांत काळाचा फरक सेकंदाभराचा, पण कोणतं आधी पडलं आणि कोणतं नंतर, हे त्याला कळतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. मला ती मेढ आठवली.

आपण 'भूत' म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थ 'झालेलं', 'होऊन गेलेलं' एवढाच. भूतकाळ म्हणताना आपण तो अर्थ रोज वापरतो. कुत्र्याचं नाक होऊन गेलेलं हुंगतं. दाराशी परवा कोण उभं होतं, त्या जागी काल कोण बसलं होतं, हे त्याच्यासाठी अजून चालू असतं. आपला माणूस आपल्यासाठी एका क्षणात जातो. मोत्यासाठी आबा तसे गेलेच नसावेत. ते खुंटीवर होते, घोंगड्याच्या लोकरीत, तंबाखू-चुना, बैलांचा घाम आणि शेतातली माती घेऊन. आज्जी म्हणाली ते मला खरं वाटतं. त्याला दिसत होतं.

तेराव्याला आबांचे कपडे धुऊन वाटले गेले. घोंगडं मात्र आज्जीनं खुंटीवरून काढू दिलं नाही. मोत्या आधी रोज रात्री तिथं बसायचा, मग दोन-चार दिवसांआड, मग उन्हाळ्यात त्यानं बघणंच सोडलं. आम्हाला वाटलं, विसरला.

मृगाचा पहिला पाऊस लागला त्या रात्री कौलं गळू लागली आणि सोप्यातल्या दमट हवेनं घोंगड्यानं ओल धरली. मोत्या झोपेतून उठला. मेढीपाशी गेला, मान वर केली आणि तशीच शेपूट हलवली.

आज्जी उठली. घोंगडं खुंटीवरून काढून तिनं जमिनीवर अंथरलं. मोत्या त्यावर दोनदा गोल फिरला आणि नाक लोकरीत खुपसून पडला. आज्जी कडेला बसली. तिनं घोंगड्याचं एक टोक उचललं, तोंडाशी नेलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ धरून ठेवलं. मी जागा आहे हे तिला ठाऊक होतं.

"मलाबी येतोय रं," ती म्हणाली.