'नाइस' : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थेतिहास

शब्दाचा अर्थ केवळ त्याच्या व्युत्पत्तीवरून निश्चित होत नाही. तो ज्या समानार्थी शब्दांच्या मेळ्यात वावरतो आणि ज्या विरुद्धार्थी शब्दासमोर उभा राहतो, त्यांवरून तो अधिक नेमका ठरतो. इंग्रजीतील 'नाइस' हे विशेषण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. शाळकरी मुलांच्याही तोंडी असलेला हा शब्द आज 'छान', 'चांगला', 'सुखद' एवढाच बोध करून देतो. तथापि जुन्या इंग्रजी ग्रंथांचा व कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्याने हाच अर्थ सर्वत्र गृहीत धरला, तर मूळ लेखकाचे म्हणणे त्याच्या हातून निसटते. क्वचित ते नेमके उलटेही लागते.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'नेस्कियुस' या विशेषणात आहे. 'ने' हा नकार आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. तेव्हा 'नेस्कियुस' म्हणजे न जाणणारा. संस्कृतातील 'अज्ञ' या शब्दाची घडण अशीच आहे. प्राचीन फ्रेंच भाषेतून हा शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, आणि आला तो 'मूर्ख' या अर्थाने. १४व्या शतकाच्या उत्तरार्धात, चॉसरच्या काळी, एखाद्यास हे विशेषण लावणे ही निंदाच होती. त्या अवस्थेत त्याच्या शेजारी 'फूलिश' हा शब्द बसत असे आणि समोर 'वाइज', म्हणजे शहाणा, हा शब्द उभा असे.

यानंतरच्या दोन-तीन शतकांत या शब्दाला अनेक फाटे फुटले. छचोर, नटवा, लाजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर, क्षुल्लक असे परस्परांशी न जुळणारे अर्थ तो एकाच काळात वाहू लागला. १६व्या व १७व्या शतकांतील पुष्कळ उदाहरणांत लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणे कठीण आहे, असे ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनीही नमूद केले आहे. अर्थविकासाची सरळ रेषा आखू पाहणाऱ्यास हा एक इशाराच होय.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हा पसारा बराच आवरलेला दिसतो. बारकाईने पारख करणारा, फाजील काटेकोर, नाजूक, चोखंदळ, सहज इजा पावणारा, परिष्कृत अशा अर्थांची तेथे नोंद आहे. 'सुखद' हा अर्थ मात्र तेथे नाही. मराठीत या अवस्थेतील 'नाइस'ला एकच प्रतिशब्द पुरत नाही. माणसासंबंधी 'चोखंदळ', वस्तूसंबंधी 'नाजूक' आणि भेदासंबंधी 'सूक्ष्म' असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. विरुद्धार्थी शब्दही त्याप्रमाणे बदलतात. चोखंदळाच्या उलट बेफिकीर, नाजुकाच्या उलट राकट आणि सूक्ष्माच्या उलट स्थूल.

१८व्या शतकाच्या उत्तरार्धात 'सुखद' हा अर्थ बळावला, आणि त्याने थोड्याच काळात इतर अर्थांना मागे सारले. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी हा नायक या सर्वसंचारी स्तुतिशब्दाची थट्टा करतो. ही कादंबरी १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा व सुसंस्कृतता एवढ्यांसाठीच होता, अशी त्याची तक्रार आहे. वस्तुतः टिल्नी ज्याला मूळ अर्थ मानतो तो मूळ नव्हेच. त्याच्याही तळाशी 'मूर्ख' हा अर्थ आहे. भाषाशुद्धीचा कैवार घेणारा बहुधा आपल्या मागील एक-दोन पिढ्यांच्या प्रघातालाच मूळ मानतो, हे येथे चांगले प्रत्ययास येते.

याच्या नेमका उलट प्रवास 'सिली' या शब्दाने केला. प्राचीन इंग्रजीत त्याचे पूर्वरूप 'भाग्यवान, धन्य' या अर्थाचे होते. पुढे तो निष्पाप, मग दीनवाणा, आणि अखेरीस मूर्ख असा उतरत गेला. एक शब्द निंदेकडून स्तुतीकडे चढला, दुसरा स्तुतीकडून निंदेकडे घसरला.

समानार्थी शब्दांतील भेद दाखविणारे हेस्टर पिओत्सी यांचे पुस्तक १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पीटर मार्क रॉजेट यांचा 'थिसॉरस' १८५२ चा. त्यात परस्परविरोधी कल्पना समोरासमोरच्या स्तंभांत मांडल्या होत्या. विरुद्धार्थी शब्दासाठी 'अँटोनिम' ही संज्ञा सी. जे. स्मिथ यांनी १८६७ च्या आपल्या कोशात रूढ केली. अशा कोशांचा उपयोग मोठा आहे. परंतु त्यांतील जोड्या त्या त्या काळापुरत्या खऱ्या असतात. 'नाइस'समोर आज सहज येणारा 'नॅस्टी' हा शब्द आरंभी 'घाणेरडा' या अर्थाचा होता. चॉसरकालीन 'नाइस'चा तो विरोधी नव्हता.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विवेचनाचे महत्त्व प्रत्यक्ष आहे. १८व्या शतकातील इंग्रज मुत्सद्द्याने तहातील एखादे कलम 'नाइस' म्हटले असेल, तर ते त्याला पसंत होते असा अर्थ होत नाही. ते कलम नाजूक, जपून हाताळावयाचे होते, असा होतो. संमती आणि सावधगिरी यांतील हे अंतर एका विशेषणात दडलेले असते. भारतीय साधनांनाही हा न्याय लागू आहे. मनुस्मृतीत 'साहस' हे अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे बळजोरीने केलेला अपराध; आजच्या मराठीत साहसाची बहुधा प्रशंसाच होते. मराठी अर्थ मनात धरून धर्मशास्त्र वाचणारा गुन्हेगाराला वीर ठरवील.

एतावता, जुन्या लेखातील परिचित शब्दच अधिक संशयाने वाचावयास हवा. अपरिचित शब्दासाठी वाचक कोश उघडतोच. परिचित शब्दासाठी तो उघडत नाही. त्या शब्दाच्या जागी त्या काळी दुसरा कोणता शब्द चालला असता आणि त्याच्या विरोधी कोणता आला असता, हे दोन प्रश्न विचारले, तर अशा बहुतेक चुका टळतील.