कोशकर्त्याचा वध

माझ्या टेबलावर १९६१ साली बडोद्यास छापलेला संस्कृत व्याकरणाचा एक कोश आहे. कर्ते काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. एखादी संज्ञा अडली की मी तो उघडतो, आणि दर वेळी मला १ डिसेंबर १९७६ ची रात्र आठवते. म्हणजे, वडिलांनी सांगितलेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

त्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृति’ बंगल्यात नव्वदीकडे झुकलेले शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकामाची बाई, अशा पाच जणांचे गळे आवळले गेले. महिन्यापूर्वीच, ३१ ऑक्टोबरला, विजयानगर कॉलनीतले जोशी पतिपत्नी आणि त्यांचा मुलगा असेच मारले गेले होते. तिन्हीसांजेला पुण्यातली दारे बंद होऊ लागली. वडील सांगत, ओळखीच्या माणसालाही लोक आधी खिडकीतून नाव विचारीत.

आणि मारेकरी कोण? दरोडेखोर नव्हेत, अभिनव कला महाविद्यालयातली, रंग-रेषा शिकणारी पोरे! राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच एका सोबत्याला मारले होते. त्याच्याकडून आधी चिठ्ठी लिहवून घेतली, आणि तो मेल्यावर तिच्या बळावर बापाकडे पैसे मागितले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. मी मास्तर आहे. वर्गात अशाच वयाची मुले पुढे बसतात.

मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचे प्रेत लोखंडी शिडीला बांधून नदीत सोडले, ते वर आले आणि टोळी सापडली. बळी एकूण दहा.

खटल्यात त्यांचाच एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला. आपल्या कायद्यात साथीदाराची साक्ष चालते. पण इतर पुराव्याची जोड नसेल तर न्यायाधीश तिच्यावर सहसा विसंबत नाहीत. पटण्यासारखे आहे, तरी घाव घालणाऱ्यांच्या सोबतीला असलेला इसम बोलला म्हणून सुटतो, हे माझ्या आईला कधीच पटले नाही. २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती कायम केली. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात ती अमलात आली. मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. पुढे १९८६ साली या प्रकरणावर चित्रपटही निघाला.

परवा वर्गात सहज विचारले. जक्कलचे नाव सात-आठ मुलांनी ऐकले होते. अभ्यंकरशास्त्र्यांचे नाव विचारताच सगळी पोरे खिडकीबाहेर पाहू लागली. मग मी कोश वर्गात नेला, आणि ‘कारक’ काढून दाखविले.