हाडांचा रस आणि पापिनचें भांडें

राज्यें कशीं बुडालीं आणि तह कोणत्या अटींवर झाले, हें आपण आवडीनें वाचतों. परंतु आपल्या चुलीवरचें भांडें तेथें कसें आलें हें विचारण्याची चाल आपल्यांत फारशी नाहीं. प्रस्तुत लेखकासही ती नव्हती. गेल्या पावसाळ्यांत घरांत एक प्रसंग घडला नसता, तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

आमच्या मातोश्रींना दीर्घ ज्वर येऊन गेला होता. वय सत्याहत्तर, तोंडास चव नाहीं, अन्नावर वासना नाहीं. अशा वेळीं कोल्हापूरकडच्या घरांत जें होतें तेंच आमच्याकडे झालें. आत्याबाई पदर खोंवून स्वयंपाकघरांत शिरल्या व म्हणाल्या, "वहिनींना रोज कोंबडीचा अळणी रस्सा द्या. हाडांतलं सगळं बळ पाण्यांत उतरतं." (अळणी म्हणजे मीठ नसलेला, असें कोशकार म्हणतील, प्रत्यक्षांत त्यांत चिमूटभर मीठ, हळद व आल्याचा तुकडा असतो आणि नसतें तें तिखट.) सूनबाईंनीं नुकताच विजेचा प्रेशर कुकर आणला होता. त्यांत रात्रीं हाडें पडत, आणि सकाळीं गाळून गार झालेला रस पातेल्यांत दह्यासारखा थिजलेला दिसे. तो थिजलेला रस पाहून आम्ही मनाशीं म्हणत असूं, कीं आज बळ चांगलें उतरलें. तीन आठवडे मातोश्रींनीं त्याखेरीज जवळजवळ कांहीं घेतलें नाहीं. चौथ्या आठवड्यांत डॉक्टरांनीं त्यांचें मनगट हातांत धरून पाहिलें व विचारलें, "रस्सा ठीक आहे, पण ह्या जेवणांत काय घेतात?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

पुढें जुनीं पुस्तकें चाळतां असें आढळून आलें, कीं हाच प्रश्न पॅरिसमधील एका विद्वन्मंडळानें १८४१ सालीं निकालांत काढला होता. आणि ज्या जातीच्या भांड्यांत आमचा रस्सा शिजत होता, तें भांडें मुळांत हाडांच्या रसासाठींच जन्मास आलें होतें.

त्याचा जनक डेनिस पापिन. फ्रान्समधील ब्ल्वा नगराजवळ शितने या गांवीं १६४७ सालीं तो जन्मला. शिक्षणानें वैद्य, परंतु रोग्यांपेक्षां यंत्रांकडे त्याची ओढ अधिक. पॅरिसमध्यें हॉयगेन्स या डच पंडिताच्या हाताखालीं कांहीं वर्षें काढून तो १६७५ सालीं लंडनला गेला, व तेथें त्यास रॉबर्ट बॉइलचा आश्रय मिळाला. १६७९ सालीं त्यानें आपलें भांडें रॉयल सोसायटीपुढें मांडलें आणि १६८१ सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक छापलें. भांड्याला त्यानें डायजेस्टर, म्हणजे पाचक, असें नांव दिलें होतें, व हाडें मऊ करणें हें त्याचें काम पुस्तकाच्या मथळ्यांतच सांगितलें होतें. कसायाच्या दुकानांतून जीं हाडें कुत्र्यांपुढें टाकलीं जातात, त्यांत पुष्कळ अन्न फुकट जातें; तें काढून घेतां आलें तर गरिबांच्या पोटास आधार होईल व जहाजांवरील खलाशांचीही सोय होईल, ही त्याची दृष्टि.

यामागील तत्त्व आज शाळकरी मुलासही ठाऊक असतें. समुद्रकांठीं पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. पुण्यास सुमारें ९८ अंशांवर, आणि महाबळेश्वरीं त्याहूनही दोन-तीन अंश आधीं. उघड्या पातेल्याखालीं कितीही जाळ केला तरी पाणी याच्या वर तापत नाहीं, जाळ सारा वाफेबरोबर निघून जातो. वाफ कोंडली कीं मात्र आंतील दाब वाढतो, आणि वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी दाब आंत सांठला म्हणजे पाणी १२१ अंशांच्या आसपास जाऊन उकळतें. हाडांना व सांध्यांना घट्ट धरून ठेवणारें कोलॅजेन नांवाचें द्रव्य ऊन पाण्यांत हळूहळू सुटतें व त्याचें जिलेटिन बनतें. उघड्या पातेल्यांत यास सबंध दिवस लागावा, तर कोंडलेल्या वाफेंत तास-दीड तास पुरे होतो.

परंतु पापिनच्या वेळीं भरंवशाचा उष्णतामापकही नव्हता. भांड्याच्या आंत काय चाललें आहे हें कळावें कसें? त्यानें झांकणावर एक लहानशी खळगी ठेविली, तींत पाण्याचा थेंब टाकला, आणि तो किती वेळांत उडून जातो हें लंबकाच्या झोक्यांनीं मोजलें. भांडें फुटूं नये म्हणून त्यानें एका छिद्रावर तरफेनें तोललेलें वजन बसविलें: दाब हद्दीबाहेर गेला कीं वजन उचलावें, वाफ सुटावी, वजन पुन्हां बसावें. आपल्या घरोघरच्या कुकरची शिटी ही त्या तरफेचीच नात आहे. पापिनला शिट्या मोजणारें घर पाहावयास मिळालें असतें तर तो हरखून गेला असता. झोक्यांनीं वेळ मोजणें आणि शिट्यांनीं वेळ मोजणें यांत जातीचा फरक नाहीं.

१६८२ च्या एप्रिलमध्यें पापिननें सोसायटीच्या कांहीं सभासदांस जेवावयास बोलाविलें. सर्व पदार्थ त्याच्या पाचकांतच शिजविलेले. जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार त्या पंक्तीस होता, म्हणून आपणांस तेथील बेत कळतो. गाईबैलांचीं कठीण हाडें चीजसारखीं मऊ झालीं होतीं, माशांचे कांटे बिनदिक्कत खातां येत होते, आणि आपल्याच रसांत शिजलेलीं कबुतरें त्याला सर्वांत रुचलीं. या साऱ्यास आठ औंसांहूनही कमी कोळसा लागला याचें त्यास विशेष नवल वाटलें. त्या विद्वानांच्या पंक्तींत थट्टामस्करीही बरीच चालली. एव्हलिननें हाडांच्या थिजलेल्या रसाचें एक कांचपात्र घरीं पत्नीकडे पाठवून दिलें. पदार्थ आवडला म्हणजे घरीं एक वाटी पाठवावयाची ही रीत केवळ आपल्याच वाड्यांत आहे असें नाहीं, हें वाचून बरें वाटतें.

ज्या गरिबांसाठीं भांडें निर्मिलें त्यांच्या घरीं मात्र तें गेलें नाहीं. तें जड होतें, महाग होतें आणि भय उत्पन्न करणारें होतें. पापिनचें मनही त्यांत राहिलें नाहीं. १६८५ सालीं फ्रान्सच्या राजानें प्रॉटेस्टंट पंथाचें संरक्षण काढून घेतल्यामुळें त्यास मायदेश बंद झाला. पुढें जर्मनींत मारबुर्ग येथें गणित शिकवीत असतां, १६९० सालीं, त्यानें वाफेनें दट्ट्या हलविण्याची कल्पना प्रसिद्ध केली. सगळ्या आगगाड्यांचें बीज तेथें आहे असें म्हणतां येईल. १७०७ सालीं तो स्वतः बनविलेली चक्रांची नौका घेऊन फुल्डा नदीनें निघाला, तोंच म्युंडेन येथील नावाड्यांनीं आपल्या हक्कावर गदा येते म्हणून तिचा चुराडा केला. तो लंडनला परतला तेव्हां ओळखीचे आश्रयदाते उरले नव्हते. १७१२ नंतरचें त्याचें पत्र सांपडत नाहीं. त्याच्या मरणाची नोंद तीनशें वर्षें कोणास ठाऊक नव्हती. अलीकडे, २०१६ सालीं, लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या जुन्या दफ्तरांत ती मिळाली. त्याचें दफन २६ ऑगस्ट १७१३ रोजीं झालें होतें.

हाडांच्या रसाची गोष्ट यानंतर शंभर वर्षांनीं पॅरिसमध्यें पुन्हां सुरू होते, आणि ती पहिलीइतकी हंसतीखेळती नाहीं. जां-पिएर-जोझेफ दार्से हा रसायनवेत्ता हाडांपासून जिलेटिन काढण्याच्या स्वस्त रीती शोधीत होता. प्रथम त्यानें आम्लानें हाडांतील क्षार काढून टाकले. पुढें हाडांवर वाफ सोडून रस काढणारीं मोठालीं यंत्रें उभारलीं. मांस महाग, भुकेलीं तोंडें अनेक. अशा स्थितींत हाडांचा रस मांसाची जागा घेऊं शकतो हा दावा कोणत्या अधिकाऱ्यास गोड वाटणार नाहीं? पॅरिसमधील सें-लुई रुग्णालयांत असें यंत्र १८२९ पासून चालूं लागलें. दार्सेच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा रस पुरेसा आहे असें म्हणणारे लोक निराळे होते आणि तो पिऊन राहणारे निराळे.

पिणारांनीं कुरकुर केली. रस बेचव आहे, पोट बिघडवितो, अशा तक्रारी रुग्णालयांतून येऊं लागल्या. आल्फ्रेड दोने नांवाच्या तरुण वैद्यानें स्वतः जिलेटिन खाऊन पाहिलें, व त्याचें वजन उतरलें. अखेर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याच्या पुढारीपणाखालीं एक समिति नेमली. तिनें दहा वर्षें कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते हें मान्य करूनच त्यांचा निष्कर्ष वाचला पाहिजे. केवळ जिलेटिनवर ठेविलेलीं कुत्रीं कांहीं दिवसांनीं त्यास तोंड लावीनात, खंगत गेलीं आणि मेलीं. कच्चीं हाडें चघळावयास दिलेलीं कुत्रीं मात्र महिनोगणती धडधाकट राहिलीं! म्हणजे हाडांत अन्न होतें हा पापिनचा तर्क खरा होता. शहाण्यांनीं त्यांतून जें सत्त्व म्हणून काढलें, तेवढ्यानें मात्र प्राण टिकत नव्हता. समितीनें १८४१ सालीं आपला अहवाल दिला. जिलेटिनप्रमाणेंच मांसाचे इतर शुद्ध घटकही एकेकटे दिले तर पुरे पडत नाहींत, हेंही तिनें प्रामाणिकपणें नमूद केलें.

असें कां व्हावें याचा उलगडा पुढें साठ वर्षांनीं झाला. प्रथिनें हीं अनेक लहान घटकांचीं बनलेलीं असतात, व त्यांपैकीं कांहीं आपलें शरीर स्वतः घडवूं शकत नाहीं. अशांपैकीं ट्रिप्टोफॅन नांवाचा घटक हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०१ सालीं वेगळा काढला. जिलेटिनमध्यें नेमका तोच मुळींच नसतो. रस दह्यासारखा थिजला म्हणजे त्यांत जिलेटिन भरपूर उतरलें एवढेंच खरें. आम्ही रोज सकाळीं पातेलें वांकडें करून जें बळ पाहत होतों, तें हें असें होतें.

मग कोंबडीचा रस्सा हा केवळ भ्रमच काय? तसें म्हणणें आम्हांस जड जातें. चरकानें मांसरसाची थोरवी गायिली आहे व कोंबड्याचें मांस स्निग्ध, उष्ण आणि पुष्टिदायक सांगितलें आहे. बाराव्या शतकांत कैरो येथें वैद्यकी करणारा यहुदी पंडित मायमोनिडीस हाही कोंबडीचा रस्सा रोग्यांस देत असे. २००० सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का येथें स्टीफन रेनार्ड या वैद्यानें दाखविलें, कीं अशा रस्स्यामुळें रक्तांतील एका जातीच्या पांढऱ्या पेशींची धांव मंदावते, व सर्दींतील दाह त्यामुळें कमी होत असावा. अर्थात् हा प्रयोग कांचपात्रांतला होता, रोग्याच्या देहांतला नव्हे. याहून साधें कारण आम्हांस अधिक पटतें. ज्वरानें सुकलेल्या मनुष्यास पाणी हवें असतें, मीठ हवें असतें, आणि जेवणाची वासना परत यावयास हवी असते. ऊन रस्स्याच्या वासानें ती येते. तो जेवणाचें दार उघडतो. आम्ही दार उघडून आंत कांहींच वाढलें नाहीं.

आतां भांड्याविषयीं राहिलेलें. घरगुती कुकर अमेरिकेंत १९३९ पासून बाजारांत चांगलाच रुळला. आपल्याकडे मुंबईची हॉकिन्स कंपनी १९५९ सालीं सुरू झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत शिटी हा आपल्या सकाळचा स्वर बनला. विजेच्या कुकरचें एकस्व चीनमध्यें योंगगुआंग वांग यानें १९९१ सालीं मागितलें. कॅनडांतील ओटावा येथील एका कंपनीनें २०१० सालीं आणलेल्या इन्स्टंट पॉटमुळें तो जगभर पसरला. यांत शिटी होत नाहीं. आंतील दाब व उष्णता यंत्रच पाहतें, ठराविक मर्यादेस पोंचतांच वीज तोडतें व गरजेप्रमाणें पुन्हां जोडतें. उष्णता आपल्या शिटीच्या कुकरपेक्षां थोडी कमी, सुमारें ११५ ते ११८ अंश, म्हणून वेळ जरा अधिक लागतो. परंतु रसाला याचा एक लाभ आहे. वाफ सुटत नाहीं म्हणून आंतील पाणी खदखदत नाहीं, चरबी व साका ढवळले जात नाहींत, आणि रस नितळ राहतो. घाई करून हातानें वाफ सोडली, तर दाब एकदम उतरून सारें पाणी उसळतें आणि रस गढूळ होतो. अर्धा तास कुकरला आपल्या मनानें निवूं द्यावा. पापिनचा लंबक समोर आहे असें समजून.

आजकाल हेंच कोलॅजेन भुकटीच्या रूपानें सुंदर डब्यांत घालून भारी किमतीस विकतात, आणि घेणारे सुखवस्तु असतात. एकेकाळीं रुग्णालयांतले गरीब जें पिऊन कुरकुरत होते, तें आतां श्रीमंत पैसे मोजून पितात. दार्सेला हें पाहून काय वाटलें असतें कोण जाणे.

आमच्या घरची रीत आतां थोडी बदलली आहे. एका गावठी कोंबडीचे तुकडे, मान, पंख व स्वच्छ केलेले पाय कुकरांत घालून ते बुडतील इतकेंच पाणी घालतात. वाफ जात नसल्यामुळें अधिक पाणी घालण्याचें प्रयोजन नसतें. अर्ध्या तासानें झांकण काढून मांस सोडवून ठेवतात आणि हाडें पुन्हां तासभर शिजवितात. रस गाळल्यावर तें मांस बारीक तोडून परत त्यांत घालतात, व सोबत मऊ भात आणि एक उकडलेलें अंडें देतात. आत्याबाईंना हें मुळींच मान्य नाहीं. मांस घातलें कीं त्याचें अळणीपण गेलें, असें त्यांचें म्हणणें आहे, आणि माजांदीच्या कुत्र्यांची हकीकत सांगून त्यांचें मत पालटलेलें नाहीं. मातोश्री दोघांचेंही ऐकून घेतात, वाटी संपवितात, आणि मीठ कमी पडलें म्हणून सूनबाईंना हांक मारतात.