अस्थिर सूर, स्थिर अंक

१९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, मॉड्युलर सिंथेसायझर सिद्ध केला. हे वाद्य सुट्या घटकांचे. वादकाने ते तारांनी जोडायचे आणि विद्युतदाबाने चालवायचे. मूग यांच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक चढे. परंतु ट्रान्झिस्टर तापमानाला संवेदनशील असतो. यंत्र तापले की सूर सरके, आणि वाद्य पुन्हा जुळवावे लागे.

यावरील उपाय दुसऱ्याच घराण्यातून आला. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत वाजवून घेतले. तेथे सूर अंकांत लिहिलेला होता. पुढे हे लेखन एका चिपमध्ये मावू लागले. रॉबर्ट यानेस यांनी रचलेली 'सिड' ही चिप १९८२ साली कमोडोर ६४ या घरगुती संगणकात आली. तिच्यात तीन आंदोलक होते.

आज हौशी रचनाकार वापरतात ती अ‍ॅनलॉग डिव्हायसेसची एडी ९८३३ ही चिप मुळात संगीतासाठी घडवलेली नाही. तिचे तत्त्व सोपे आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला गणकात एक ठरावीक संख्या मिळवायची आणि त्या बेरजेनुसार कोष्टकातून तरंगाची उंची वाचायची. संख्या मोठी, तर सूर उंच. २५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर सुमारे ०.१ हर्ट्झची पायरी मिळते. मात्र २७.५ हर्ट्झच्या खर्जात लगतच्या दोन स्वरांतील अंतरच सुमारे १.६ हर्ट्झ असते. तेथे ही पायरी ढोबळ ठरते. घड्याळ १ मेगाहर्ट्झवर आणले की ती ०.००४ हर्ट्झइतकी बारीक होते.

खरा पेच पुढेच आहे. या चिपला व्होल्टची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो: दाब मोजणारा, त्याचे संख्येत रूपांतर करणारा आणि ती चिपकडे धाडणारा सूक्ष्मनियंत्रक. तो मंद असेल तर मींडेच्या जागी पायऱ्या ऐकू येतात. म्हणजे अस्थिरता नाहीशी झाली नाही; ती सुरातून भाषांतरात गेली.

म्हणून हा इतिहास 'अ‍ॅनलॉग विरुद्ध डिजिटल' असा सांगणे अपुरे आहे. मौखिक परंपरेला लिपी लाभते तेव्हा पाठ स्थिर होतो, पण पाठकाची जबाबदारी संपत नाही. येथेही सूर अंकांत लिहिला गेला. तो वळवणारा हात मात्र व्होल्टच्याच भाषेत बोलत राहिला.