शून्य आणि रिकामा रकाना

पावसाची सरासरी हे मोठे फसवे मोजमाप आहे. हजार मिलिमीटर पाऊस साठ दिवसांत विभागून पडला तर पीक उभे राहते. तोच दहा दिवसांत कोसळला तर माती वाहून जाते. सरासरीला हा भेद दिसत नाही. म्हणून पाऊस किती पडला याइतकेच तो किती वेळा पडला हे पाहावे लागते. आणि या वारंवारतेच्या नकाशाचा आपल्या देशातील इतिहास हा मुख्यतः नोंदवह्यांचा इतिहास होय.

१८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी प्रांतोप्रांती विखुरलेल्या नोंदी एकत्र आणल्या. पुढे इंचाचा दशांश, आजच्या मापाने २.५ मिलिमीटर, किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' असा दंडक रूढ झाला. हे मोजमाप अनेक ठिकाणी तालुका कचेरीतील कारकुनाच्या हातून होई. सकाळी पर्जन्यमापकातील पाणी काचेच्या मापात ओतावयाचे आणि आकडा वहीत चढवावयाचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य मांडावयाचे.

या शून्याचे मोल आम्हांस विशेष वाटते. शून्य म्हणजे कोणीतरी पाहिले व पाऊस नव्हता. रिकामा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही, किंवा पाहिले ते लिहिले नाही. बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात, पण दिवस मोजू लागताच रिकामा रकाना सारा हिशेब बिघडवितो. २००६ साली राजीवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका अंशाच्या चौकटी पाडून देशाच्या दैनंदिन पावसाचा आराखडा सिद्ध केला. त्यासाठी ६,३२९ केंद्रांपैकी १९५१ ते २००३ या काळातील किमान नव्वद टक्के नोंदी असलेली केंद्रे निवडली, तेव्हा केवळ १,८०३ उरली.

त्याच आधारावर, त्याच वर्षी, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील गोस्वामी व सहकाऱ्यांनी दाखविले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात पावसाळ्याच्या सरासरीत लक्षणीय बदल नाही. मात्र दिवसाला शंभर मिलिमीटरहून अधिक पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले. सरासरीने झाकलेले हे सत्य दिवसांच्या मोजणीने उघड केले.

त्या नकाशावर कोणाही कारकुनाचे नाव नाही. तथापि कोरड्या सकाळीही वही उघडून ज्यांनी प्रामाणिकपणे शून्य मांडले, त्यांच्यावाचून तो नकाशा काढताच आला नसता.