कॉलेज संपलं, लॅपटॉप फॉरमॅट केला. विद्यार्थी लायसन्सचं सॉफ्टवेअर पुन्हा चालेल का?

डिप्लोमा किंवा डिग्री संपवून मुलं गावी येतात, लॅपटॉप हळू चालतो म्हणून फॉरमॅट करतात आणि मग कॉलेजात फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर चालूच होत नाही. कारण सोपं आहे. असं लायसन्स बहुतेक वेळा लॅपटॉपला नाही, तर 'विद्यार्थी' असण्याला दिलेलं असतं.

काय चालतं, काय नाही?

विंडोज : लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज १० किंवा ११ मशीनशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती टाकून नेट जोडलं की आपोआप सुरू होतं. शिक्षण संपल्याने फरक पडत नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस : पैसे भरून घेतलेलं 'होम अँड स्टुडंट' ज्या खात्यावर नोंदवलं, त्याच खात्याने पुन्हा टाकता येतं. पण कॉलेजच्या मेल आयडीवर मिळालेलं ऑफिस ३६५ कॉलेजने आयडी बंद केला की संपतं. मग फाइल उघडते, पण बदल करता येत नाही.

ऑटोकॅड : विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी मिळतं. शिकत असेपर्यंतच दरवर्षी वाढवता येतं. या लायसन्सवर पैसे घेऊन घराचे नकाशे काढायला परवानगी नाही.

टॅली : एज्युकेशनल मोड कोणालाही वापरता येतो, पण नोंदी महिन्याच्या काही ठरावीक तारखांनाच होतात. दुकानाचा हिशेब त्यावर चालणार नाही.

मेल आयडी बंद होण्याआधी हे करा

१. वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्हमधल्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या खात्यावर घ्या. गुगलच्या फाइलसाठी 'गुगल टेकआउट' वापरा. प्रोजेक्ट रिपोर्ट, बायोडाटा त्यातच अडकून राहतात.
२. ऑटोकॅडच्या नकाशांची डीएक्सएफ आणि पीडीएफ प्रत काढून ठेवा.
३. नोकरीच्या अर्जात, बँकेत कॉलेजचा आयडी दिला असेल तर बदलून घ्या.

'क्रॅक' टाकून घेऊ का?

नको. दुकानदार शे-दोनशे रुपयांत टाकून देतो, पण त्यासोबत व्हायरस येऊ शकतो आणि त्याच लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करतो. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं.

मग काम कशावर करायचं?

लिबरऑफिसमध्ये वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतात. साध्या नकाशांना लिबरकॅड, थ्रीडीला फ्रीकॅड आणि फोटोला गिम्प आहे. ही सगळी फुकट आहेत, कमाईच्या कामालाही चालतात. मात्र ती त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या.

तेव्हा फॉरमॅटला लॅपटॉप देण्याआधी एकदा बघा: कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या आयडीवर आहे आणि तो आयडी अजून चालू आहे का.